सासरेबुवांच्या घड्याळाच्या कडा

तीर्थस्वरूप साडूभाऊंना, साष्टांगातली जेवढी अंगं या वयात वाकतात तेवढ्यांनी नमस्कार. (कंबर वगळली आहे. तिचा नमस्कार मनातल्या मनात पोचता करून घ्यावा.)

तुमची तब्येत उत्तम असेल अशी आशा करतो आणि तुमची उजवीकडची खालची दाढ अजून तशीच असेल अशी खात्री बाळगतो. दाढा समजूत घातल्याने बऱ्या होत नाहीत, हे दातांचा डॉक्टर या नात्याने मी तुम्हाला गेल्या खेपेलाही सांगितलं होतं आणि तुम्ही तेव्हाही गालावर हात ठेवून विषय बदलला होता. ताईंचा रक्तदाब कसा आहे? दुकान कसं चाललंय? तुमच्याकडून नेलेल्या प्लायवूडला वाळवी लागली म्हणून जे गृहस्थ रोज भांडायला यायचे ते अजून येतात का, की त्यांनाही आता सवयीने दुकानात खुर्ची मिळाली आहे? इकडे तुमची मेहुणी, म्हणजे माझी बायको, ठणठणीत आहे. तिचा गुडघा आमचा जिना चढताना दुखतो आणि मैत्रिणीचा जिना चढताना दुखत नाही. मीही बरा आहे. लोक गोड खातायत तोवर माझ्या दवाखान्याला मरण नाही.

आता घड्याळाबद्दल. घड्याळ सुखरूप आहे. महिन्याच्या बोलीवर तुम्ही मला दिलेलं सासरेबुवांचं सोन्याचं घड्याळ या क्षणी माझ्यासमोर टेबलावर आहे, चालू आहे, आणि त्याची दोन्ही बटणं, सगळे काटे आणि काच जिथल्या तिथे आहेत. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण तुम्ही पत्र उभ्या उभ्या वाचायला घेता आणि मधेच गिऱ्हाईक आलं की खिळ्यांच्या खोक्यात ठेवून देता हे मला ठाऊक आहे. मात्र, जसं दिलं होतं तसंच ते आहे का, असं तुम्ही विचारलंत तर उत्तर एका शब्दात देता येणार नाही. म्हणून तर फोन न करता पत्र लिहितोय. फोनवर तुम्ही हा प्रश्न पहिल्या वाक्यालाच विचारला असतात. पत्रात समोरच्याला मधे बोलता येत नाही, ही पत्राची मोठीच सोय आहे.

मुळात असल्या घड्याळापायी चांगली शिकलीसवरलेली माणसं खुळी का होतात, असं तुम्ही मला ते देताना विचारलं होतं. तेव्हा मी घाईत होतो (तुमचा विचार बदलायच्या आत बस पकडायची होती), म्हणून उत्तर आता देतो. क्रोनोग्राफ म्हणजे घड्याळाच्या पोटातच बसवलेलं स्टॉपवॉच. एक बटण दाबलं की लांब काटा धावतो, पुन्हा दाबलं की थांबतो, दुसरं दाबलं की मुकाट्याने बाराच्या आकड्यावर जाऊन उभा राहतो. थोडक्यात, हे अवजार आहे. शर्यती मोजणाऱ्यांचं, यंत्रांवर काम करणाऱ्यांचं, नाडी बघणाऱ्यांचं. आता अवजार कोणी सोन्याचं करतं का? उद्या तुमच्या दुकानात कोणी सोन्याची पकड मागितली, तर तुम्ही त्याला आधी बसायला स्टूल द्याल आणि मग हळूच त्याच्या घरी फोन लावाल. आणि नेमकं तेच आम्हा लोकांना भुलवतं. काम करायची वस्तू आणि अंगावर पिवळं सोनं! पांढरं सोनं असतं, पण ते आपण सोनं आहोत हे लपवतं; गुलाबी असतं, ते जरा नटवं वाटतं; पिवळं जे आहे ते आहे, उगाच संकोच करत नाही. हातात घेतलं की आधी त्याचं वजन लागतं. स्टीलच्या घड्याळाचा मनगटाला दहा मिनिटांत विसर पडतो, सोन्याच्या घड्याळाचा दिवसभर पडत नाही. शिवाय सोनं मऊ. ते ज्याच्या हातात असतं त्याच्या टेबलाचे, दारांचे, खिशातल्या किल्ल्यांचे सगळे ओरखडे अंगावर घेतं. आम्ही दातांचे डॉक्टर सोन्याला मानतो ते काही उगाच नाही. इतर कडक टोप्या समोरच्या दातालाच घासून काढतात. सोन्याची टोपी त्याच्याशी भांडत नाही, त्याच्या बरोबरीने झिजते.

त्यातून हे घड्याळ डॉक्टरांचं. तुम्हाला नव्याने सांगायला नको, आपले सासरेबुवा आयुष्यभर याच घड्याळाने नाडी बघत आले. डायलच्या कडेने जे बारीक आकडे आहेत (तुम्ही मला ते किलोमीटर आहेत असं सांगितलं होतं), ती नाडीची मोजपट्टी. बटण दाबायचं, पंधरा ठोके मोजायचे, पुन्हा दाबायचं. काटा ज्या आकड्यावर थांबेल तेवढे मिनिटाचे ठोके. गुणाकार नको की भागाकार नको. मी लग्नाचं विचारायला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा माझं बोलून झाल्यावर त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. माझं मनगट धरलं, बटण दाबलं, ओठांतल्या ओठांत मोजलं, पुन्हा दाबलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ‘एकशे दहा’ असं जाहीर केलं. थोड्या वेळाने चहा आला, त्यावरून आपण पास झालो असं मी धरून चाललो. पुढे त्यांनी मला शेवटपर्यंत डॉक्टर म्हटलं नाही. ‘दातांचा माणूस’ म्हणायचे. आणि जाताना घड्याळ दिलं ते थोरल्या जावयाला, ज्याला वेळ बघायला दुकानातल्या गिऱ्हाइकांची गर्दी पुरते. तक्रार म्हणून लिहीत नाही. थोरला तो थोरला. तुम्ही कधी ते मागितलं नव्हतं, आणि मागत नाही त्याच्याच हाती वस्तू द्यायची ही त्यांची जुनी खोड. पण मला वाईट वाटलं होतं, साडूभाऊ. चांगलंच वाटलं होतं. इतक्या वर्षांत बोललो नाही, आज पत्रात मधे बोलता येत नाही म्हणून बोललो.

असो. आता आमच्या मंडळाची ओळख करून देतो, म्हणजे पुढची हकीकत समजेल. जुन्या घड्याळांच्या नादी लागलेले आम्ही चौघं दर रविवारी सकाळी माझ्या दवाखान्यात जमतो. दवाखानाच का, तर दाताच्या खुर्चीवरच्या दिव्यासारखा दिवा कोणाच्याच घरी नाही. खुर्ची आडवी करायची, जिथे पेशंट डोकं टेकतो तिथे पेशंटच्या गळ्यात बांधायचा कागदी रुमाल अंथरायचा आणि त्यावर घड्याळ ठेवायचं. एक आहेत भिंगकाका. बँकेतून निवृत्त झालेले. डोळ्याला भिंग लावूनच घरून निघतात, त्यामुळे आमच्या जिन्यात दोनदा पडले आहेत. त्यांचा शब्द आमच्यात अखेरचा. दुसरे पशुवैद्य, जे घड्याळ खराब होईल म्हणून कामावर घालत नाहीत आणि काम नसताना वेळ कशाला बघायची म्हणून घरीही घालत नाहीत. तिसरे नोटरी, कोणतीही वस्तू दाखवली की अस्सल प्रत आहे का असं विचारतात. मंडळाचे नियम कडक आहेत. घड्याळ हातात घेण्यापूर्वी अंगठ्या काढायच्या. किंमत विचारायची नाही. चहा दाराच्या आत आणायचा नाही. तो बाहेर उभ्याने प्यायचा. मालकाच्या परवानगीशिवाय बटण दाबायचं नाही. आणि ‘पॉलिश’ हा शब्द उच्चारायचा नाही. उच्चारायची वेळच आली तर ‘ती गोष्ट’ म्हणायचं. कारण एकदा ती गोष्ट झाली, की सोन्याचा एक थर जातो, पट्टा अडकवायच्या चार पायांच्या कोरीव कडा जातात आणि घड्याळ वापरलेल्या साबणाच्या वडीसारखं गोल होऊन बसतं. (आणखी एक सांगायचं राहिलं. किल्ली दिल्याने आतली चाकं झिजतात म्हणून आमच्यापैकी कोणीच घड्याळाला किल्ली देत नाही. त्यामुळे चौघांच्या हातांत चार क्रोनोग्राफ असूनही किती वाजले ते आम्ही भिंतीवरच्या, टूथपेस्ट कंपनीने फुकट दिलेल्या प्लास्टिकच्या घड्याळात बघतो.)

तुमच्याकडून निघताना ताईंनी घड्याळ रुमालात गुंडाळून, माझ्याकडे न बघताच माझ्या हातात ठेवलं होतं. प्रवासात ते असं कसं न्यायचं? म्हणून मी ते माझ्या बॅगेतल्या कवळीच्या डबीत ठेवलं. कवळीची डबी ही चोराच्या दृष्टीने जगातली सगळ्यात सुरक्षित जागा आहे. बसमध्ये शेजारच्या गृहस्थाने डबी बघून आपले पाय आवरून घेतले, तेव्हाच माझा जीव भांड्यात पडला. चूक झाली ती पुढे. दवाखान्यात पोचल्यावर मी डबी कपाटात ठेवली, आणि त्या कपाटात तसल्याच गुलाबी डब्या रांगेने उभ्या असतात, कारण मी त्या घाऊक घेतो. शनिवारी मी एका पेशंटच्या तोंडात दोन्ही हात घालून बसलेलो असताना एक आजीबाई आपली तयार झालेली खालची कवळी न्यायला आल्या. आमच्या दवाखान्यातल्या बाई अतिशय तत्पर आहेत. त्यांनी डबी काढली, पिशवीत घातली, आजीबाईंना दिली आणि सुरुवातीला दोन दिवस थोडं टोचेल असंही सांगितलं.

रविवारी मंडळ भरलं. सगळ्यांनी अंगठ्या काढल्या. मी सासरेबुवांची थोडी माहिती सांगितली, दिवा लावला, डबी कागदी रुमालावर ठेवली आणि मान भिंगकाकांचा म्हणून उघडायला त्यांनाच दिली. त्यांनी झाकण काढलं. भिंग डोळ्याला होतंच, आणि भिंगातून एका वेळी नखाएवढाच भाग दिसतो, हे लक्षात घ्यावं. बराच वेळ ते वाकून पाहत होते. शेवटी सरळ होत ते अगदी शांतपणे म्हणाले, “हे मूळचं नाही.” मग नोटरींनी चष्मा सरसावून पाहिलं आणि डबीत दात आहेत अशी नोंद घेतली. पशुवैद्यांनी ते माणसाचे आहेत असा दुजोरा दिला. तिघंही फार सभ्य आहेत. कोणी हसलं नाही. त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं.

मी तडक आजीबाईंचं घर गाठलं. त्या खिडकीत बसल्या होत्या आणि सासरेबुवांचं घड्याळ त्यांच्या कोपराच्या थोडं अलीकडे होतं, कारण मनगटावर ते राहत नव्हतं. कवळी आवडली, असं त्यांनी मला पाहताच सांगितलं. ही टोचत नाही, हिने हिरड्या सुजत नाहीत, आणि पहिल्या कवळीनेही जेवता येत नव्हतंच, तेव्हा त्या बाबतीत काही फरक पडलेला नाही. बटणं कशाची हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. त्या बटण दाबून सुनेचे फोन किती वेळ चालतात ते मोजत होत्या आणि शनिवारी संध्याकाळी मुलगा आल्यावर त्याला आकडेही सांगून झाले होते. मी समजावलं, विनवलं, शेवटी हात जोडले. खालच्याबरोबर वरचीही कवळी नवी करून द्यायची आणि दुखायची थांबेपर्यंत हवी तितक्या वेळा घासून द्यायची, या अटीवर घड्याळ सुटलं. (भिंतीवरचं टूथपेस्ट कंपनीचं घड्याळही त्यांना हवं होतं, ते मी वाचवलं.) जिन्यापर्यंत पोचवायला सून आली. माझे आभार कोणत्या शब्दांत मानावेत हे तिला सुचत नव्हतं.

पुढच्या रविवारी मात्र घड्याळ खरोखरच त्या दिव्याखाली आलं, आणि साडूभाऊ, तुम्ही तिथे असायला हवे होतात. प्रकाश पडला तशी डायल लोण्याच्या रंगाची दिसायला लागली. भिंगकाकांनी घड्याळाचे चारी पाय एकेक करून भिंगाखाली घेतले. मग त्यांनी परवानगी मागून बटण दाबलं, काटा निघाला, आणि नोटरी, जे मृत्युपत्रांवर सह्या घेतानाही हसत असतात, ते गंभीर झाले. सगळ्यांत जास्त कौतुक कशाचं झालं असेल, तर ओरखड्यांचं. घड्याळाच्या डाव्या कडेवर, पट्ट्याच्या दोन पायांच्या मधे, बारीक ओरखड्यांचा एक पट्टाच्या पट्टा होता. सगळे एकाच दिशेचे, एकावर एक, जवळजवळ. असे ओरखडे भिंगकाकांनी जन्मात पाहिले नव्हते. त्यांच्या मते ते गाडीच्या दाराचे होते, घाईघाईने पेशंटकडे जाताना पडलेले. पशुवैद्य म्हणाले, छे, इंजेक्शनच्या स्टीलच्या ट्रेचे. त्यांच्याही हातावर तसे आहेत. नोटरींनी दोन्ही मतं नोंदवून घेतली. हे सोनं म्हणजे एका डॉक्टरच्या उभ्या आयुष्याची साक्ष आहे, असं ठरलं, आणि भिंगकाका त्या ओरखड्यांवर संग्राहकांच्या त्रैमासिकात फोटोंसह लेख लिहिणार असंही ठरलं. ‘काय सुंदर घासलंय’ हे वाक्य त्या सकाळी निदान दहा वेळा बोललं गेलं असेल. तुमची मेहुणी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती (नियमानुसार बाहेर). तिलाही मी दोन शब्द बोलायचा आग्रह केला, शेवटी वडील तिचे. ती म्हणाली, चहा निवतोय. माझी छाती मात्र त्या दिवशी भरून आली. सासरेबुवांनी मला दातांचा माणूस म्हटलं असेल, पण त्यांच्या घड्याळाची खरी पारख शेवटी दाताच्या खुर्चीवरच झाली.

आता ज्या भागासाठी हे पत्र लिहिलं तो भाग. तुम्ही उभे असाल तर बसून घ्यावं. त्या आठवड्यात मी एका परिषदेसाठी दोन दिवस बाहेरगावी गेलो होतो (विषय अक्कलदाढ). परत आलो तर टेबलावर घड्याळाची डबी. उघडली, आणि मला त्यात माझा चेहरा दिसला. साडूभाऊ, माणसाला घड्याळात वेळ दिसावी, चेहरा दिसू नये. तुमच्या मेहुणीने ती गोष्ट करून आणली होती. सोनाराकडे जाऊन, समोर बसून, चारी बाजूंनी. ओरखड्यांचा तो पट्टा गेला. कोरीव कडा गेल्या. अख्खं घड्याळ काल शोकेसमधून काढल्यासारखं झगझगीत, गुळगुळीत. मी खुर्चीत बसलो. बोलायला बरंच काही सुचलं ते नंतर, जिन्यात एकटा असताना. ती म्हणाली, “स्वच्छ करून आणलं. बाबांचं घड्याळ आहे ते, तुमच्या मंडळाचं नाही.” आणि कपड्यांच्या घड्या घालायला निघून गेली. मी तिला दोष देत नाही. तिला डाग दिसला की हात शिवशिवतात. माझा शर्ट, स्वयंपाकघरातला ओटा, दवाखान्यातल्या खिडक्या, कोणालाच तिने आजवर सोडलेलं नाही. तिला काय ठाऊक, की काही डाग जपायचे असतात? या गोष्टी समजायला घड्याळांत मुरावं लागतं.

कालच्या रविवारी मंडळ जमलं ते सांत्वनाला जमावं तसं. भिंगकाकांनी घड्याळ पाहिलं आणि डोळ्यावरचं भिंग काढून खिशात ठेवलं. त्यांचा तो डोळा मी पहिल्यांदाच पाहिला. दुसऱ्यापेक्षा लहान आहे. पशुवैद्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ज्या आवाजात ते जनावरांच्या मालकांशी बोलत असतील त्या आवाजात म्हणाले, की त्याला काही कळलं नसेल. नोटरींनी मालकी कोणाची आहे असं विचारलं, आणि साडूची आहे म्हटल्यावर ते माझ्यापासून जरा दूर सरकले. लेख रद्द झाला. चहा आत आणला तरी चालेल, असंही कोणीतरी म्हणालं, म्हणजे परिस्थिती तुमच्या लक्षात यावी.

तर घडलं ते हे असं. घड्याळ दिलंत तेव्हा त्याच्या अंगावर सासरेबुवांचं सगळं आयुष्य होतं, परत मिळेल तेव्हा त्यावर फक्त सोनाराचा हात असेल. राग आला तर माझ्यावर काढावा, ताईंसमोर त्यांच्या बहिणीवर काढू नये. ताईंना माझा नमस्कार सांगावा. पाय दुखत असतील तर दुकानात उभं राहू नये, दाढ दुखत असेल तर इकडे यावं. लोभ आहेच, तो या प्रकाराने आटू देऊ नये ही विनंती.

तुमचा धाकटा साडू

ता. क. पत्र पुन्हा वाचून पाहिलं. एक विचार मनात आला तो सहज लिहितो. ती गोष्ट झाल्यामुळे हे घड्याळ आता जाणकारांच्या लेखी कवडीमोलाचं झालेलं आहे, आणि तुम्ही तर ते कधी घालत नाही. अशा स्थितीत ते इतक्या लांब परत पाठवायचं, वाटेत काही बरंवाईट व्हायचं, त्यापेक्षा ते माझ्याकडेच राहिलं तर तुमच्या डोक्याची एक कटकट कमी होईल, असं मला वाटतं. बदल्यात माझा स्टीलचा क्रोनोग्राफ तुम्हाला आनंदाने देईन. तो पाण्यात पडला तरी चालतो. दुकानात बरा.

ता. क. दुसरा. वर ‘कवडीमोल’ लिहिलं आहे त्याबद्दल थोडा खुलासा. काल संध्याकाळी भिंगकाका एकटेच आले होते. भिंग पुन्हा डोळ्याला होतं. बराच वेळ हवापाण्याचं बोलले आणि निघताना दारात म्हणाले, की ते नासलेलं घड्याळ नुसतंच पडून राहणार असेल तर आपण त्याला आसरा द्यायला तयार आहोत. तेव्हा तुम्हाला त्यांचा फोन आला तर उचलू नये. आणि लपवून काय करू? ते गेल्यावर मी दार लावून घेतलं, घड्याळ हातात घातलं, बटण दाबलं आणि माझी मीच नाडी पाहिली. आकडा सांगत नाही. मला ते हवं आहे, साडूभाऊ, ओरखडे असोत की नसोत. दवाखान्यातल्या दिव्याखाली नको, हातात हवं आहे. कृपया लवकर कळवावं.

भाऊजी, नमस्कार. अक्षर बदललंय ते माझं आहे. पाकीट चिकटवून पेटीत टाकायला यांनी माझ्याकडे दिलं, मी आधी वाचलं. ते ओरखडे गाडीच्या दाराचे नव्हते आणि कुठल्या ट्रेचेही नव्हते. तुम्ही तेव्हा दुकान सांभाळत होता आणि हे दवाखाना. बाबांजवळ ताई आणि मी पाळीपाळीने बसायचो. त्यांनी शेवटपर्यंत घड्याळ काढू दिलं नाही. हात थरथरायचा आणि ते पलंगाच्या लोखंडी कठड्यावर घासत राहायचं. दिवसभर तो एकच आवाज. मी कठड्याला टॉवेल गुंडाळला तर काढायला लावला, नाडी बघताना मधे येतो म्हणाले. स्वतःचीच बघायचे. घड्याळ तुमच्याकडे आलं तरी ताई ते हातात धरत नाही. तुम्हाला वाटलं असेल, तिला असल्या वस्तूंची हौस नाही.

त्या रविवारी हे चौघं त्याच ओरखड्यांवर दिवा धरून काय सुंदर, काय सुंदर करत होते आणि मी ट्रे घेऊन दारात उभी होते. मला ते ऐकवलं नाही. सोनाराला म्हटलं, एकही राहता कामा नये, आणि राहिला नाही ना ते बघत तिथेच बसून राहिले. यांना कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर यांनी ते मंडळात सांगितलं असतं आणि लेख आणखी मोठा झाला असता. आता पत्र तुमच्याकडे येतंय, तर पाकीट बंद करायच्या आधी यांनाही हे वाचायला देणार आहे. पत्रात मधे बोलता येत नाही, हे यांनीच लिहिलंय.

यांनी मागितलं असलं तरी घड्याळ यांना देऊ नका. गुरुवारी मी स्वतः घेऊन येते. ताईला म्हणावं, मी कडांवरून सगळीकडे बोट फिरवून पाहिलं, कुठेही काही लागत नाही. आता तिने घालावं.